रुग्णाचे गुपित : कुळाचे की व्यक्तीचे?

वैद्यापाशी बोललेली गोष्ट वैद्यापाशीच राहते, हा समज इतका रूढ आहे की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वैद्यकीय आचारधर्माविषयीच्या लेखनातदेखील प्राचीन शपथांपासून आजच्या नियमावलीपर्यंत एकच तत्त्व अखंड चालत आले आहे, असे गृहीत धरलेले आढळते. प्रतिज्ञेचा आशय पुष्कळसा तोच राहिला, हे खरे. परंतु जे गुपित राखावयाचे ते नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळानुसार पालटत गेले. त्या उत्तरावरच संरक्षण कोणास मिळाले आणि कोण त्यावाचून राहिले, हे अवलंबून होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अग्नी, ब्राह्मण व वैद्य यांच्या साक्षीने गुरूने शिष्यास करावयाचा उपदेश आला आहे. रुग्णाच्या घरी जाताना त्या घरी ओळख असलेल्या आणि प्रवेशाची अनुज्ञा मिळालेल्या माणसाबरोबरच जावे; अंग नीट झाकलेले व मस्तक लवलेले असावे; आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी व इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र वळू देऊ नयेत; आणि त्या कुळातील गोष्टी बाहेर फोडू नयेत, असे तेथे सांगितले आहे. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे असे वैद्यास कळले, तरी ते सांगितल्याने रुग्णास वा दुसऱ्या कोणास आघात पोहोचणार असेल तर मौन पाळावे, असेही त्यात आहे. हिपोक्रॅटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक शपथेतही परगृही प्रवेश करतानाची शुचिता आणि तेथे पाहिल्या-ऐकल्याविषयीचे मौन ही दोन्ही बंधने आहेत. दोन्ही परंपरांत वैद्य हा दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत गेलेला परका पुरुष आहे, आणि त्याचे मौन ही त्या प्रवेशाची अट आहे.

तथापि चरकाच्या उपदेशातील 'कुळ' या कल्पनेकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. पती किंवा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर उपचार करू नयेत, आणि त्यांच्या अनुमतीवाचून स्त्रीने दिलेली वस्तू स्वीकारू नये, असाही निर्बंध त्याच उपदेशात आहे. म्हणजे येथे राखले जाते ते घराचे गुपित होय. घरातील एका व्यक्तीचे दुसऱ्यापासूनचे गुपित नव्हे. उंबरठ्याबाहेर मौन आणि उंबरठ्याच्या आत कर्त्या पुरुषास सर्व ज्ञात, अशी ही व्यवस्था होती.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये या मौनास वेगळा आधार मिळाला, तो म्हणजे सभ्य गृहस्थाच्या प्रतिष्ठेचा. एप्रिल १७७६ मध्ये उमरावांच्या सभेपुढे डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावर पती हयात असता दुसरा विवाह केल्याबद्दल खटला चालला. सीझर हॉकिन्स या शल्यचिकित्सकास तिच्या पहिल्या विवाहाविषयी विचारण्यात आले, तेव्हा व्यवसायात कळलेली गोष्ट सांगणे आपणावर बंधनकारक आहे काय, असा प्रश्न त्याने केला. स्वेच्छेने गुपित फोडणे हा प्रतिष्ठेचा भंग ठरेल, परंतु न्यायासनापुढे साक्ष देण्यात कोणताही दोष नाही, असे लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितले. हे मौन वैद्याच्या अब्रूशी निगडित होते; न्यायासनापुढे ते टिकत नव्हते. फ्रान्सने याच्या उलट मार्ग धरला. तेथील १८१० च्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमाने वैद्य, शल्यचिकित्सक, औषधविक्रेते व सुइणी यांनी गुपित फोडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला.

दरम्यान रुग्ण घराबाहेर पडून रुग्णालयाच्या दालनात येऊ लागला होता. मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नीतीवरील ग्रंथात या नव्या परिस्थितीची जाणीव दिसते. मोठ्या दालनातील रुग्णास त्याच्या विकाराविषयी विचारताना शेजारच्यास ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात विचारावे, अशी सूचना त्यांनी केली. सूचना साधी आहे, परंतु महत्त्वाची आहे. ज्या गरिबाभोवती घराच्या भिंती उरल्या नाहीत, त्याच्याभोवती वैद्याने आपल्या आवाजाने आडोसा उभारावा, असा तिचा अर्थ होतो.

कुळाची कल्पना खऱ्या अर्थाने कसोटीस लागली ती १८९६ मध्ये. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम प्लेफेअर यांनी आपल्या पत्नीच्या भावजयीवर उपचार करताना तिचा नुकताच गर्भपात झाला असावा, असा निष्कर्ष काढला. तिचा पती त्या वेळी ऑस्ट्रेलियात होता. प्लेफेअर यांनी ही गोष्ट आपल्या पत्नीस व तिच्या भावास सांगितली. या भावाकडून त्या स्त्रीस मिळणारा वार्षिक तनखा पुढे बंद झाला. तिने बदनामीचा दावा लावला. कुटुंबाप्रती असलेल्या कर्तव्यामुळेच आपण बोललो, हा प्लेफेअर यांचा बचाव ज्यूरीने मानला नाही, आणि १२,००० पौंडांची भरपाई देवविली. गोष्ट कुटुंबाबाहेर गेली नव्हती; जुन्या मर्यादेप्रमाणे ती उंबरठ्याच्या आतच होती. तरीही ती फोडण्याची किंमत वैद्यास द्यावी लागली. त्या स्त्रीस तिच्याच सासरच्या माणसांपासूनचे गुपित असू शकते, ही गोष्ट येथे प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आली.

नेमक्या त्याच काळात मुंबई इलाख्यात कुळाचा उंबरठा निराळ्याच दिशेने ओलांडला जात होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या अधिपत्याखाली गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या झाल्या, आणि संशयित रुग्णांना घरातून हलविण्यात आले. त्यातून उसळलेल्या क्षोभाचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या हत्याकांडात झाले. या क्षोभाची राजकीय मीमांसा पुष्कळ झाली आहे. परंतु त्याचा एक पदर वैद्यकीय आचाराचाही आहे. अनुज्ञा मिळालेल्या माणसाबरोबर मस्तक लववून आत येणारा वैद्य आणि हुकूम घेऊन दार ठोठावणारे शोधपथक, यांतील अंतर लोकांनी तत्काळ ओळखले.

कायद्याने मात्र या प्रश्नाची दखल घेतली नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पति-पत्नींमधील व वकील-अशिलांमधील बोलण्यास संरक्षण मिळाले. वैद्य व रुग्ण यांच्या संवादास मिळाले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही उणीव तशीच राहिली. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू करून त्यांचे वर्तन परिषदेच्या देखरेखीखाली आणले, परंतु तेथेही दृष्टी होती ती व्यवसायाच्या प्रतिष्ठेवर. प्रत्यक्ष दवाखान्यात एका पडद्याअलीकडे तपासणी व पलीकडे बाकावर बसलेली रांग, ही मांडणीच मुळी पर्सिव्हलच्या सूचनेस अनुकूल नव्हती.

गुपिताचा धनी खुद्द रुग्ण आहे, हा विचार भारतात एचआयव्हीच्या साथीमुळे न्यायालयांपुढे आला. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना संसर्ग आढळताच सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्रींच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद वैध ठरविली. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये मात्र एका बाधित कामगारास नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली आणि केवळ संसर्गापायी त्यास काम नाकारणे अवैध ठरविले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नियोजित वधूच्या जीविताचे रक्षण होत असेल तर रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क अबाधित राहत नाही, असा निर्णय दिला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

त्याच वर्षीच्या एचआयव्हीविषयक कायद्यातील एक तरतूद या इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. रुग्णाच्या जोडीदारास धोका असल्यास, रुग्णाचे समुपदेशन करून काही अटींवर त्या जोडीदारास सूचना देता येते. परंतु तशी सूचना दिल्याने हिंसा वा परित्याग ओढवेल अशी रास्त भीती असेल, विशेषतः रुग्ण स्त्री असेल, तर ती देऊ नये, असे तो कायदा सांगतो. पतीच्या उपस्थितीवाचून जिच्यावर उपचार वर्ज्य होते, त्या स्त्रीस पतीपासूनही गुपित राखण्याचा आधार येथे कायद्याने दिला.

म्हणून या इतिहासास एका शपथेच्या अखंड पालनाचा इतिहास म्हणणे युक्त ठरत नाही. कुळाच्या मर्यादेतून व्यवसायाच्या प्रतिष्ठेत, आणि तेथून व्यक्तीच्या हक्कात, असा हा प्रवास आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर त्यास पुढे ढकलले ते घरात किंवा समाजात ज्यांचा शब्द दुबळा होता अशा माणसांच्या दुःखाने. हक्काचे शब्द आज लिहिले गेले आहेत. परंतु पर्सिव्हलने सुचविलेला हलका आवाज गर्दीच्या दवाखान्यात किती वेळा ऐकू येतो, यावरच त्या शब्दांचे मोल ठरेल.