पाच माइकांचा शेरा

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला शेऱ्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. समासात साहेबांनी दोन शब्द लिहिले की फाईल पुढे कुठेही जावो, ते दोन शब्द तिच्या आधी पोचलेले असतात. पुढचा प्रत्येकजण फाईल वाचायच्या आधी शेरा वाचतो.

हे आठवायचं कारण माझा म्हापशाचा भाचा. चवथीला घरी आला तेव्हा कानात हेडफोन घालून बसला होता. मला म्हणाला, "मामा, तुम्ही नास ऐकलाय?" मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे नासतं ते दूध!" तो हसला, पण हेडफोन माझ्या कानाला लावल्याशिवाय राहिला नाही. शब्द सगळे कळले नाहीत, खोटं कशाला बोलू? पण लय पकडून ठेवणारी होती. मग सवयीप्रमाणे मी त्या गायकाचा इतिहास वाचत बसलो, आणि त्यात मला सापडली एका शेऱ्याचीच गोष्ट.

नासिर जोन्स ऊर्फ नास, जन्म १९७३. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज नावाच्या मोठ्या सरकारी वसाहतीत वाढलेला. शाळा आठवीतच सुटली. वडील ओलू दारा हे जॅझ वाजवणारे. नासच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शेवटी त्यांचं कॉर्नेट वाजतं. क्रिस पेरीचं ट्रंपेट ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या गोंयकारांच्या कानाला तेवढा तुकडा तरी परका वाटू नये.

हा पहिला अल्बम म्हणजे 'इलमॅटिक'. तो १९ एप्रिल १९९४ रोजी बाजारात आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. जेमतेम चाळीस मिनिटांचा ऐवज, पण संगीत द्यायला डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर अशी एकाहून एक मंडळी.

त्या काळी हिप-हॉपच्या जगात 'द सोर्स' या मासिकाचा शब्द अखेरचा मानत. १९८८ साली हार्वर्डच्या डेव्हिड मेज आणि जॉन शेक्टर या दोघांनी ते एका साध्या पत्रकाच्या रूपात सुरू केलं होतं. अल्बमला तारे न देता तिथे माइक देत, जास्तीत जास्त पाच. हे पाच सहजी मिळत नसत. डॉ. ड्रेच्या गाजलेल्या 'द क्रॉनिक'लासुद्धा साडेचारच मिळाले होते. 'इलमॅटिक'ला मात्र पुरे पाच मिळाले. परीक्षण लिहिलं होतं मिन्या ओ या तरुण लेखिकेने, 'शॉर्टी' या टोपणनावाने. अगदी नव्या पोराच्या पहिल्याच अल्बमला पाच! वाद झाला. न्यूयॉर्कचं मासिक न्यूयॉर्कच्याच पोरांना झुकतं माप देतं, अशी कुरकुरही होतीच.

आता गंमत बघा. एवढी वाहवा होऊनही अल्बम बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकावर आला. पहिल्या आठवड्यात सुमारे ६० हजार प्रती गेल्या. चोरट्या कॅसेटी आधीच फिरत होत्या, हेही त्यामागचं एक कारण. पाच लाखांचा टप्पा गाठायला जानेवारी १९९६ उजाडलं. म्हणजे जाणकारांनी डोक्यावर घेतलं, पण दुकानात रांग लागली नाही.

नासने यातून काय धडा घेतला असेल, हे पुढच्या अल्बमवरून दिसतं. २ जुलै १९९६ ला 'इट वॉज रिटन' आला. संगीत बहुतांशी ट्रॅकमास्टर्स या जोडीचं, जास्त गुळगुळीत, रेडिओला चालेल असं. एका गाण्यात लॉरिन हिलचा आवाज. वसाहतीच्या खिडकीतून रस्ता बघणारा पोरगा आता 'एस्कोबार' नावाचा माफिया म्हणून बोलू लागला होता. अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि वीस लाखांवर खपला.

आणि समीक्षक? त्यांची नाराजी. 'द सोर्स'ने चार माइक दिले. दुसऱ्या कुणाला चार मिळते तर त्याने पेढे वाटले असते, पण नासच्या बाबतीत तो एक माइक कापल्यासारखा झाला. पैशासाठी बदलला, पहिल्यासारखं राहिलं नाही, असा एकूण सूर. मला वाटतं, यातल्या पुष्कळांनी दुसरा अल्बम नीट ऐकलाच नाही. त्यांनी पहिल्या अल्बमची फूटपट्टी काढली आणि दुसरा किती कमी भरतो ते मोजलं. न खपलेला पहिला अल्बम शुद्ध ठरला, आणि खपला म्हणूनच दुसऱ्यावर संशय आला!

हे ओझं पुढेही सुटलं नाही. २००१ साली जे-झीने एका गाण्यातून नासवर हल्ला चढवला, त्यातही टोमणा हाच, की याच्याकडे पहिल्या अल्बमपलीकडे आहे काय? त्याच वर्षी डिसेंबरात नासने उत्तर दिलं. त्या अल्बमचं नाव काय ठेवलं? 'स्टिलमॅटिक'! जुन्या नावाचाच आधार. त्यालाही पाच माइक मिळाले.

पुढे काळाने आपला शेरा लिहिला. २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये नासच्या नावे हिप-हॉपच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 'इलमॅटिक' दाखल झाला. आणि त्याच महिन्यात, पहिल्या अल्बमनंतर सत्तावीस वर्षांनी, नासला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं, 'किंग्ज डिसीज' या नव्या अल्बमसाठी. 'इट वॉज रिटन'बद्दलही आता लोक बरंच मऊ बोलतात. अल्बम तोच आहे, फूटपट्टी मात्र खाली ठेवलेली आहे.

मिन्या ओ चुकली नव्हती, हे काळाने सिद्ध केलं. पण बरोबर असलेला शेरासुद्धा माणसाला जड जाऊ शकतो, हेही तितकंच खरं. आमच्या कचेरीत एका मुलाच्या पहिल्याच अहवालावर मी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. आता त्याचं नुसतं 'चांगलं' काम समोर आलं की माझंच कपाळ आठ्यांनी भरतं. परवा तशी एक फाईल आली, तेव्हा आधीची पानं न उलटता वाचली. चांगली होती.

भाच्याला फोन करून सांगितलं, आता दुसरा अल्बम पाठव.