मृदेतील सूक्ष्मजीवांवर खतांचा व तणनाशकांचा परिणाम

मृदेत सूक्ष्मजंतू, कवके, शैवले इ. असंख्य सूक्ष्मजीव असतात. वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष कुजवून त्यांतील पोषक द्रव्ये पिकांना पुन्हा उपलब्ध करून देणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय. शेतीतील रसायनांमुळे या कार्यात बाधा येते काय, हा प्रश्न जमिनीच्या दीर्घकालीन सुपीकतेशी निगडित आहे.

जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्‍री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये इंग्‍लंडमधील रॉथॅमस्टेड येथे खतांचे क्षेत्रप्रयोग सुरू केले, तेव्हा सुपीकता ही मुख्यतः रसायनशास्त्राची बाब मानली जाई. १८७७ मध्ये श्लोझिंग व म्यूंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी, क्लोरोफॉर्म दिल्यास नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर) थांबते असे दाखवून ही क्रिया सजीवांमुळे घडते हे सिद्ध केले. ती घडवून आणणारे सूक्ष्मजंतू विनोग्राड्‌स्की यांनी १८९० मध्ये वेगळे केले.

याच क्रियेतून अम्ल निर्माण होते. रॉथॅमस्टेड येथील गवताळ क्षेत्रावरील प्रयोगात (आरंभ १८५६) वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेले, पण चुना न घातलेले वाफे तीव्र अम्लीय झाले. तेथे गांडुळे नाहीशी झाली आणि मृत गवत न कुजता त्याचा जाड थर साचला. चुना घातलेल्या भागांत मात्र असे घडले नाही. म्हणजे हानीचे मुख्य कारण खतातील नायट्रोजन नसून अम्लता हे होते.

सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान मोजण्यासाठी जेंकिन्सन व पोल्सन यांनी १९७६ मध्ये क्लोरोफॉर्माच्या धुरीवर आधारित पद्धत मांडली. रॉथॅमस्टेड येथील गव्हाच्या प्रयोगात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या वाफ्यात हे वस्तुमान केवळ रासायनिक खते मिळणाऱ्या वाफ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. रासायनिक खत पिकाचे पोषण करते. सूक्ष्मजीवांना मात्र अन्न म्हणून जैव पदार्थ लागतो.

तणनाशकांचा इतिहास निराळा आहे. १९४०–५० या दशकात २,४–डी प्रचारात आले. ते मृदेत सूक्ष्मजंतूंकडूनच विघटित होते, असे ऑडस यांनी १९४९ च्या सुमारास दाखविले. १९७४ मध्ये बाजारात आलेले ग्‍लायफोसेट वनस्पतींतील ज्या एंझाइमाला निष्क्रिय करते, ते अनेक सूक्ष्मजंतूंत व कवकांतही असते. तथापि मृदेत ते कणांना घट्ट चिकटते व हळूहळू विघटित होते. त्यापासून बनणारे एक संयुग अधिक काळ टिकते. शिफारशीइतक्या मात्रेत तणनाशकांचा सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानावर परिणाम बहुधा अल्प असतो. परंतु वस्तुमान कायम राहूनही त्यांतील जातींचे प्रमाण बदलू शकते. शिवाय तणांचा नाश झाल्याने मृदेत मिसळणारा जैव पदार्थही घटतो.

म्हणून रसायनांच्या मात्रेबरोबरच मृदेची अम्लता आणि तिला परत मिळणारा जैव पदार्थ यांकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.