दोन तलाव, एक नदी आणि आपलं कुर्ला

आजचा विषय माझ्या घरामागचा आहे. शब्दशः घरामागचा.

मी कुर्ल्यात वाढलो. आमच्या चाळीमागून जे काळं पाणी वाहायचं, त्याला आम्ही पोरं 'नाला' म्हणायचो. आजी मात्र 'नदी' म्हणायची. "नदी चढतेय रे, पोरांना आत घ्या." आम्ही हसायचो. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी आजीची नदी आमच्या घरात शिरली. रात्र आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली. नंतर कोणी हसलं नाही.

त्या दिवशी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला? ७५ मिलिमीटरच्याही आत. एकच शहर, एकच दिवस. आणि कुर्ल्यात नुसतं आभाळातलं पाणी आलं नव्हतं, डोंगरावरचंही आलं होतं. कोणता डोंगर? चला, वर जाऊ.

मिठी सुरू होते विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून. तिथून आरे, साकीनाका, कुर्ला, कालिना, बीकेसी, धारावी करत माहीमच्या खाडीला मिळते. जेमतेम १८ किलोमीटरचा प्रवास. वर साष्टीचे डोंगर आहेत, तेच कान्हेरीची लेणी असलेले. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या भिक्खूंनी खडकात टाकी खोदून पाऊस अडवला होता. म्हणजे या डोंगराचं पाणी जपायचं असतं, हे ज्ञान काही नवीन नाही.

आता १८५० चं दशक. मुंबई वाढत होती, विहिरी आटत होत्या, पाण्यासाठी हाल चालले होते. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पूर्ण झालं. शहराला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव. तरी पाणी पुरेना. तानसाचं मोठं धरण तयार व्हायला वेळ होता, म्हणून मधल्या काळाची सोय म्हणून १८९० च्या सुमारास पवई तलाव बांधला. पण त्याचं पाणी पिण्यालायक निघालं नाही. १८९२ मध्ये तानसा सुरू झालं आणि पवईचा विषय संपला.

इथे जरा थांबा, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

आमच्या धंद्यात ए-बी टेस्ट नावाचा प्रकार असतो. दोन सारख्या गोष्टी घ्यायच्या, एकच बदल करायचा आणि फरक बघायचा. इतिहासाने आपल्यासाठी अशी टेस्ट करून ठेवलीय. विहार आणि पवई शेजारी-शेजारी. पाऊस तोच, खडक तोच. फरक एकच: एकाचं पाणी प्यायचं होतं, दुसऱ्याचं नाही.

विहारच्या भोवतीचं जंगल जपलं गेलं, कारण तिथली घाण थेट शहराच्या नळाला आली असती. आज विहार आणि तुळशी दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. बिबट्या आहे, वड आहे, करवंदं आहेत. पवईच्या भोवतीचे डोंगर मात्र मोकळे सुटले. खाणी आल्या, टेकड्या फुटल्या, टॉवर उभे राहिले. आज तलावात सांडपाणी आणि जलपर्णी.

म्हणजे आपण जंगल वाचवलं ते जंगल म्हणून नाही. ती आपली पाण्याची टाकी होती म्हणून.

बरं, जंगल गेल्याने खाली काय फरक पडतो? सर्व्हरवर एकदम लाखो रिक्वेस्ट आल्या तर तो झोपतो, म्हणून मध्ये रेट लिमिटर लावतात. जंगल नेमकं तेच करतं. पानं पावसाचा मार झेलतात, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, मुळांनी भुसभुशीत केलेली माती ते जिरवते. पाणी येतं, पण दमादमाने. त्याच जागी काँक्रीट टाकलं की सगळं पाणी एकदम निघतं, सोबत माती आणतं आणि त्या गाळाने नदीचं पात्र उथळ होतं. वरून पाणी जास्त, खाली जागा कमी.

खाली तरी काय केलं आपण? १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत आली. शहरातल्या म्हशी बाहेर नेल्या, कुरणं केली. तेही जमिनीचा वापर बदलणंच होतं, पण माती उघडी राहिली, वारली पाडेही तिथेच राहिले. पुढे त्यातूनच चित्रनगरीला वगैरे तुकडे दिले गेले. त्याखाली विमानतळाच्या धावपट्टीने नदीला दाबलं. मग बीकेसी भराव घालून खारफुटीच्या आणि दलदलीच्या जागेवर उभं राहिलं. माझं ऑफिस तिथेच आहे, त्यामुळे फार शहाणपणा शिकवत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ९४४ मिलिमीटर कुठलंच जंगल पूर्ण जिरवू शकत नाही. आपली जुनी गटारं तर तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली, वर समुद्राची भरती. पण पाणी चढायला एक तास लागतो की चार, यावर जीव वाचणं अवलंबून असतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत २,१४१ झाडं कापली गेली. तेव्हा मित्रांमध्ये भांडणं झाली: मेट्रो हवी की झाडं? मला मेट्रो हवीच होती, लोकलला लटकून कॉलेज केलंय मी. पण जागा मिठीच्या काठावरची आहे, हे त्या भांडणात कोणी काढलंच नाही. मीही नाही.

आता धोका वेगळा आहे. विहारमध्ये २,७६९ कोटी लिटर पाणी मावतं. ऐकायला प्रचंड, पण मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात त्याचा वाटा साधारण दोन टक्के. ज्या कारणासाठी जंगल वाचलं, ते कारणच बारीक होत चाललंय. उद्या कोणी म्हणालं, "दोन टक्क्यांसाठी एवढी जमीन कशाला अडवायची?" तर आपल्याकडे दुसरं कारण तयार पाहिजे.

ते कारण कुर्ला आहे. क्रांतीनगर आहे.

दर पावसाळ्यात मोबाईलवर बातमी येते, 'विहार तलाव भरून वाहू लागला'. शहरभर लोक खूश, पाणीकपात टळली. त्याच वेळी मिठीच्या काठावरची माणसं कागदपत्रं पिशवीत भरून ठेवतात. बातमी एकच, अर्थ दोन.

तर पुढच्या वेळी ती बातमी आली की नुसता अंगठा दाबू नका, काठावर राहणाऱ्या एखाद्याला फोन करा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्याजवळच्या नाल्याचं खरं नाव काय? मला कळवा. माझी आजी आता नाही, पण तिचा शब्द मी उचललाय.

आमच्या मागे नदी आहे. भेटू पुढच्या भागात.