बोटाच्या शेंड्याची फ्लॅप शस्त्रक्रिया

शेवटच्या पेरावरील कातडी व मांस तुटून हाड उघडे पडल्यास लगतची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह सरकवून किंवा वळवून जखम झाकण्याची पद्धत. नुसते कातडीचे कलम उघड्या हाडावर जगत नाही, कारण त्याला खालच्या जखमेतूनच रक्त मिळवावे लागते. फ्लॅप आपला रक्तपुरवठा बरोबर घेऊन येतो.

कारणे : सातारा-सांगली भागात कडबाकुट्टी, उसाचा चरक, कोयता, विट्याकडील यंत्रमाग आणि औद्योगिक वसाहतींतील पॉवर प्रेस. कडबा कापण्याचे यंत्र हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील कारखान्याच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. हाताने फिरवायच्या कुट्टीला पुढे विजेची मोटर लागली. पेंढी आत सारणारा हात वेळेत मागे घेण्याची सवड तेव्हापासून उरली नाही.

इतिहास : या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व महाराष्ट्रात बोटावर नव्हे, नाकावर सिद्ध झालेले दिसते. इंग्रजांच्या फौजेतील गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी देठासह, म्हणजे एका बाजूने मूळ जागेशी जोडलेली ठेवून, खाली वळवून नाक घडवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने अशा शस्त्रक्रिया केल्या आणि १८१६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कारागिराचे नाव मात्र मासिकाने दिले नाही. देठ जिवंत ठेवण्याचे त्याचे कौशल्य बोटाच्या फ्लॅपमध्येही तितकेच निर्णायक ठरते.

प्रकार : कोणता फ्लॅप निवडायचा हे घावाच्या तिरपेपणावर ठरते. घाव आडवा असेल किंवा नखाच्या बाजूने जास्त गेला असेल, तर उरलेल्या मांसल भागावर इंग्रजी ‘व्ही’सारखा छेद घेऊन ती कातडी पुढे सरकवतात व मागची फट ‘वाय’च्या आकारात शिवतात (ट्रान्क्विली-लेआली १९३५, अटासॉय १९७०). दोन्ही कडांनी असे दोन लहान त्रिकोण सरकवण्याची पद्धत कुटलरची (१९४७). यांत बोटाचीच कातडी शेंड्यावर येत असल्याने स्पर्शज्ञान चांगले राहते; दाणा निवडणाऱ्या, सुई धरणाऱ्या हाताला त्याचेच मोल अधिक. तळव्याच्या बाजूचे मांस जास्त गेले असल्यास शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी वळवतात (गर्डिन व पँगमन, १९५०). दोन्ही बोटे दोन ते तीन आठवडे जोडलेली राहतात, मग देठ कापतात. पाठीवरच्या जागी कलम लावावे लागते. अंगठ्यासाठी मोबर्गची पद्धत (१९६४). तळहाताच्या अंगठ्याकडील उंचवट्यावरून घेतलेला फ्लॅप (गेटवूड, १९२६) तरुणांत वापरतात. प्रौढांत सांधे आखडण्याची भीती असते.

मतभेद : हाड उघडे नसलेली लहान जखम नुसत्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरते, त्यामुळे अशा वेळी फ्लॅप करावा का याविषयी एकमत नाही. हाड थोडे आखूड करून टाके घालण्याची पद्धतही प्रचलित आहे. रोजंदारीवरच्या माणसाला ती लवकर कामावर परतू देते.

प्रथमोपचार : जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी व हात उंच ठेवावा. हळद, चुना, तंबाखू भरू नये. ती खरवडून काढताना वाचण्याजोगी कातडीही जाते. तुटलेला तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ तुकड्याला थेट लागू देऊ नये.

नंतरचे त्रास : थंडी सहन न होणे, शेंडा दुखरा राहणे, नख वाकडे वाढणे.

भरपाई : २०२५ पर्यंत लागू असलेल्या कामगार भरपाई कायदा, १९२३ च्या परिशिष्टात हाड न जाता तर्जनीचा शेंडा तुटल्यास कमाईक्षमतेतील घट ५ टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के धरली होती.