मीठ, मासळी आणि थायरॉईड

मंडळी, थायरॉईड म्हटलं की आपल्याला शाळेतलं एकच समीकरण आठवतं. आयोडीन कमी पडलं की गलगंड, आणि उपाय आयोडीनवालं मीठ. समीकरण चुकीचं नाहीच. डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात मिठाचा प्रयोग सुरू केला आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

पण मग मासळीवर पोसलेल्या आमच्या लोट्यात थायरॉईड कसा? माझ्या मावशीला दुसऱ्या खेपेला तो निघाला, तेव्हा शेजारपाजारच्यांनी दोन निकाल लगेच देऊन टाकले. एक, 'एमआयडीसीची हवा'. दुसरा, 'हिनेच खाण्यापिण्यात काहीतरी केलं असणार'. केमिकल कंपन्यांबद्दलची तक्रार हा वेगळा विषय आहे. मावशीच्या रिपोर्टात मात्र थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करत होतं. त्यात ना मिठाचा दोष, ना मावशीचा.

या आजाराची गोष्ट जपानात सुरू होते. हाकारू हाशिमोतो नावाच्या तरुण सर्जनने १९१२ मध्ये चार बायकांच्या सुजलेल्या थायरॉईडचं वर्णन छापलं. पुढे तो गावी जाऊन वडिलांचा दवाखाना चालवू लागला आणि त्याचा शोध बरीच वर्षं बाजूला पडला. १९५६ मध्ये, म्हणजे कांगड्यात मीठ वाटलं जात होतं त्याच वर्षी, लंडनमध्ये रॉइट, डोनिआख आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. आयोडीन भरपूर असूनही ग्रंथी बिघडते, याचा खुलासा झाला. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या कोचीत २००९ मध्ये छापलेल्या पाहणीतही तेच दिसलं. आयोडीन पुरेसं असलेल्या ९७१ प्रौढांत साधारण पाचातल्या एकाचं थायरॉईडचं गणित बिघडलेलं होतं.

आता बाळाचं. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिले तीन महिने बाळाचा स्वतःचा सर्व्हर सुरूच झालेला नसतो. मेंदू घडायला लागतो तो आईच्या हार्मोनवर! १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हॅडो यांच्या गटाने गरोदर बायकांचे साठवलेले रक्ताचे नमुने तपासले आणि त्यांच्या मुलांची सात ते नऊ वर्षांची असताना चाचणी घेतली. ज्या आयांच्या कमी थायरॉईडवर उपचार झाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी कमी भरला. त्या आयांपैकी बहुतेकींच्या रक्तात अँटिबॉडी होत्या.

म्हणजे सगळ्याच गरोदर बायकांना तपासून गोळी दिली की प्रश्न सुटला? इतकं सोपं नाही. ब्रिटन आणि इटलीतल्या सुमारे बावीस हजार बायकांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात तपासून उपचार केलेल्या आणि न केलेल्या गटांतल्या मुलांच्या बुद्ध्यांकात तिसऱ्या वर्षी फरक दिसला नाही. त्यात बऱ्याच जणींचा दोष अगदी सौम्य होता. शिवाय गोळी साधारण तेराव्या आठवड्यात सुरू झाली होती. तोवर ते पहिले तीन महिने उलटले होते. नेमकं कारण कोणतं, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे.

आपल्या सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना जोखीम असलेल्या गरोदर बायकांनाच तपासायला सांगतात. घरात कुणाला थायरॉईड असणं, किंवा स्वतःला दुसरा एखादा ऑटोइम्यून आजार असणं, हेही त्या यादीत येतं. म्हणून आई-बहिणीला थायरॉईड असेल तर टीएसएचची साधी रक्ततपासणी बाळाचा विचार सुरू होतानाच करून घ्यावी. आधीपासून थायरॉक्सिन चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठावं, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो. मनाने गोळी बंद तर अजिबात करू नये.

असो. वेळेवर गोळी घेणाऱ्या बहुतेक आयांची मुलं छान वाढतात. हाशिमोतोच्या त्या चार बायकांपासून शंभरहून जास्त वर्षं गेली, अँटिबॉडी सापडल्यालाही साठहून जास्त. 'हिनेच काहीतरी केलं असणार' हे वाक्य तेवढं अजून आपल्या तोंडून जात नाही. त्यावर काही गोळी नाही, ते आपल्यालाच बंद करावं लागेल.