स्वतःशी बोलण्याचा सूर

पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर, हळदीचा हा मुलूख. काढणीच्या तोंडावर सोयाबीन भिजलं, भाव पडला आणि पीककर्ज थकलं, की माणूस आधी पारावर बसायचं सोडतो. मग लग्नकार्याला जायचं टाळतो. दवाखान्यात गेलाच, तर ‘झोप लागत नाही, डोकं जड राहतं’ एवढंच सांगतो. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं: ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बापाने राखलेलं माझ्याने राखवलं नाही. मीच नालायक.’

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे स्वतःला बोल लावणं रात्रंदिवस चालू असतं. त्यावर मानसोपचारात आज जी पद्धत वापरली जाते, ती आहे स्व-करुणेची. तिचं कूळ शोधायला निघालं, की वाट इंग्लंड-अमेरिकेतून फिरून परत आपल्याच दारात येते.

इंग्लंडमधल्या डर्बीचे मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट १९८० च्या दशकापासून दीर्घ नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करत होते. त्या काळातली रुजलेली रीत अशी: नकारात्मक विचार पकडायचा, त्याचा पुरावा तपासायचा, मग अधिक वास्तव असा पर्यायी विचार मांडायचा. रुग्ण हे सगळं नीट करत. तरी काहीजण म्हणत, डोक्याला पटतंय, पण मनाला पटत नाही. गिल्बर्ट यांनी सांगितलं, हा पर्यायी विचार तुम्ही मनात ज्या सुरात म्हणता, त्याच सुरात मोठ्याने म्हणून दाखवा. ऐकू आलं ते थंड, तुच्छतेचं बोलणं. शब्द धीराचे होते आणि सूर दरडावणीचा. ‘तुझ्यावर प्रेम करणारी माणसं आहेत’ हेच वाक्य ‘एवढंही कळत नाही का तुला?’ अशा आवाजात म्हटलं, तर त्याने कोणाला धीर येणार?

मला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. उपचारकाने वाक्याच्या खरेखोटेपणावरून कान काढला आणि आवाजाला लावला.

अशा रुग्णांपैकी अनेकांचं बालपण मारात, हेटाळणीत किंवा दुर्लक्षात गेलेलं होतं. मायेचा आवाज आठवून पाहा म्हटलं तर आठवायला काही नव्हतंच. मग तो शिकवावा लागणार होता. गिल्बर्ट यांनी उत्क्रांतीच्या अंगाने मांडणी केली: मेंदूत एक यंत्रणा धोका ओळखते, दुसरी मिळवण्यामागे धावायला लावते, तिसरी आपल्या माणसांच्या सहवासात निवते. स्वतःला झोडपणाऱ्याची पहिली यंत्रणा सतत पेटलेली असते, कारण हल्ला करणारा बाहेर नसून आतच बसलेला असतो. त्यामुळे इथे सुरुवात शरीरापासून होते. श्वास संथ करायचा, चेहरा सैल सोडायचा, मनातल्या मनात बोलतानाही आवाज मऊ ठेवायचा. त्यानंतर मायाळू व्यक्तीची कल्पना, स्वतःला पत्र, समोरच्या रिकाम्या खुर्चीत आपल्यातल्या टीकाकाराला बसवून त्याच्याशी बोलणं. या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं.

दुसरी शाखा बौद्ध परंपरेतून येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणेची व्याख्या आणि ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वतःशी मायेने वागणं, दुःख आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही याची जाण, आणि वेदना न लपवता, न फुगवता पाहणं, हे तिचे तीन धागे. नेफ यांना ही वाट दिसली ती ध्यानशिक्षिका शॅरन साल्झबर्ग यांच्या मैत्रीभावनेवरच्या, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याच्या ध्यानावरच्या, पुस्तकातून. साल्झबर्ग यांनी ध्यानाचा पहिला धडा घेतला १९७१ मध्ये बोधगयेला, विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या शिबिरात. याच गोएंकांचं केंद्र १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला उभं आहे आणि त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिराची सांगता मैत्रीभावनेने होते. त्याही मागे पाचव्या शतकातला बौद्ध भाष्यकार बुद्धघोष आहे. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करावी, असं तो सांगतो आणि आधाराला प्रसेनजित राजा व मल्लिका राणीच्या संवादावरचं बुद्धवचन देतो.

मराठी वाचकाला आणखी एक नातं ओळखीचं वाटेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली. माणसाची कृती चूक किंवा बरोबर ठरवता येते, अख्ख्या माणसाला गुण देता येत नाहीत, हा तिचा गाभा. लाज घालवायला एलिस लोकांना आगगाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायला लावत. लोक बघतात, हसतात, आणि तरी आपण शाबूत राहतो, हे अनुभवायला. सूर वेगळा असला, तरी हे स्व-करुणेचं सख्खं भावंडच आहे.

आपल्याकडे हमखास येणारी हरकत म्हणजे ‘स्वतःचे लाड केले तर माणूस आळशी होईल.’ कॅलिफोर्नियातल्या ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. शब्दांच्या अवघड चाचणीत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला. झोडपून घेण्यात जाणारी ताकद कामाला लागते, असं मी याचं कारण मानतो.

पुसेगावच्याच भागात नर्सी आहे, नामदेवांचं गाव म्हणून मानलं जाणारं. संतमंडळीत गोरोबाकाकांनी थापटून पाहिलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. चारचौघांत मान खाली गेली. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर भेटले. ते पिंडीवर पाय ठेवून पडलेले. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, एवढंच त्यांनी म्हटलं, आणि पाय उचलून ठेवता ठेवता नामदेवांना स्वतःच उमगत गेलं. आधुनिक मानसोपचाराचं मूळ इथेच होतं असा दावा करू नये. पण अपमानाने माणूस घायाळ झाला आणि शिकला तो कमीपणा न देणाऱ्या गुरूपाशी, हे या मातीला नवं नाही, एवढं खरं.

स्व-करुणेने कर्ज फिटत नाही. विमा, हमीभाव, सिंचन यांचे प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत ढकलणं हा अन्यायच आहे. मायेची सवय नसलेल्याला ती सुरुवातीला भीतीदायकही वाटते. गिल्बर्ट यांनी त्या भीतीचाही अभ्यास केला. म्हणून चांगला समुपदेशक घाई करत नाही. तो विचारतो, ‘दादा, हेच तुमच्या धाकट्या भावावर आलं असतं, तर त्याला काय म्हटलं असतं?’ उत्तर बहुधा लगेच येतं: ‘म्हटलं असतं, होतं असं, पाऊस काय तुझ्या हातात होता का? चल, उद्या बँकेत दोघं जाऊ.’ मग समुपदेशक तेच वाक्य, त्याच आवाजात, स्वतःचं नाव घेऊन एकदा म्हणायला सांगतो.