वयाची अट आणि सुटीतील मुले

शाळांना सुटी लागली की घरोघर एक प्रश्न उभा राहतो: दिवसभर घरी असलेल्या मुलाने करावे काय? धुळे शहरात पांझरेच्या पलीकडे असलेल्या देवपुरासारख्या वस्तीत तर वैशाखातील पारा चाळिशी ओलांडून जातो आणि भर दुपारी अंगणात पाऊल ठेववत नाही. अशा वेळी पोहण्याचा वर्ग, डोंगर चढण्याचे शिबिर, नाट्यवर्ग अशा जाहिराती दिसल्या म्हणजे पालकांना हायसे वाटते. परंतु जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते, ‘वयाची दहा वर्षे पूर्ण असावीत.’ थोरला मुलगा त्या अटीत बसतो. धाकटा साडेआठ वर्षांचा. एकाने जावे आणि दुसऱ्याने दारात उभे राहून रडावे, हे आईला पाहवत नाही. मग वडील नोंदणीच्या मेजापाशी जाऊन हळूच म्हणतात, ‘अंगाने थोराड आहे हो, एवढे सांभाळून घ्या.’ कधी कधी विनंतीचीही गरज उरत नाही. अर्जातील एक आकडा बदलला की काम भागते.

यात कोणाचा हेतू वाईट नसतो. अट माणसानेच घातलेली आहे, ती माणसाने थोडी वाकवली तर काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही आणि नवा तर मुळीच नाही.

आपल्या समाजात वय ही काटेकोर मोजण्याची गोष्ट पूर्वी नव्हती. खानदेशातील आई मुलाचा जन्म सांगे तो ‘आखाजीच्या आगेमागे’ किंवा ‘कानबाईच्या रोटांच्या वेळी’ अशा शब्दांत. शाळेत नाव घालताना एवढ्यावर भागत नसे. वर्ष जूनमध्ये सुरू होणारे, म्हणून मुलाचा चेहरामोहरा पाहून मास्तर जन्मतारीख लिहीत, १ जून. महाराष्ट्रातील अनेक वडीलधाऱ्यांचा वाढदिवस याच दिवशी येतो, तो असा. जन्ममृत्यूच्या नोंदीसंबंधी साऱ्या देशासाठी एकच कायदा झाला तो १९६९ साली. तोपर्यंत घरातील वय निराळे आणि दाखल्यातील वय निराळे, हा प्रकार सर्वसंमत होता.

शिवाय वय मोजण्याची आपली रीतही वेगळी. पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे लागले की मुलगा सोळा वर्षांचा झाला, असे आपण म्हणत आलो. या रीतीने १८६९ साली मोठा घोटाळा केला. त्या वर्षी लंडनमध्ये सनदी नोकरीच्या परीक्षेत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर उत्तीर्ण झाले. उमेदवाराचे वय एकवीसच्या आत असावे, अशी अट होती. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी नोंदलेले वय पाहता हे दोघे अटीबाहेर जातात, असे ठरवून त्यांची नावे यादीतून काढण्यात आली. बॅनर्जी न्यायासनापुढे गेले. आपल्या देशात चालू वर्ष सांगण्याची रीत आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि अखेर दोघांचीही नावे यादीत परत आली. या प्रकरणात त्यांनी अटीत सवलत मागितली नव्हती. खरे वय काय, एवढेच सिद्ध केले होते. अट वाकवणे आणि सत्य पुढे मांडणे या दोहोंत मोठे अंतर आहे, हे या गोष्टीतून ध्यानात येते.

आता वयाची अट मुळात आली कशासाठी, ते पाहू. आपल्या देशात मुलांसाठी वयाची एक मर्यादा ठरली ती कामाच्या संदर्भात. गिरण्यांतून लहान मुलांना सर्रास राबवले जाई. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला आणि सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, असे ठरले. १८९१ साली ही खालची मर्यादा नऊ वर्षांवर गेली. आज हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. परंतु त्या काळी ही सुधारणा होती. खानदेशाच्या वाट्याला मात्र तीही लवकर आली नाही. १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. येथील सरकी काढण्याचे कारखाने कापसाच्या हंगामापुरते चालत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. अशा हंगामी कारखान्यांना कायदा लागू झाला तो १९११ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

कायदा लागू झाला तेथेही तो पाळला जाईच असे नाही. जन्माचा दाखला बहुधा नसे; दात आणि अंगलोट पाहून डॉक्टराने वय ठरवावे लागे. गरीब आईबाप मुलाचे वय वाढवून सांगत, कारण घरात चार आण्यांची भर पडत असे. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांची चूल पाहिली पाहिजे. परंतु त्या वाढवलेल्या वयाचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर पडले, हेही विसरून चालत नाही. आईबापांनी वय वाढवले तरी मुलाची हाडे वाढली नाहीत.

कामाच्या जगातून ही मर्यादा पुढे खेळाच्या जगात आली. १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुटीतले एक शिबिर भरवले. बालवीर चळवळीचा उगम तो हाच. शिबिरातील मुले दहा वर्षांच्या वरची, सतरापर्यंतची होती. तेथे एक मुलगा मात्र अवघा नऊ वर्षांचा होता: बेडन-पॉवेल यांचा पुतण्या डोनाल्ड. म्हणजे ज्याने शिबिर भरवले, त्यानेच घरच्या मुलासाठी मर्यादा थोडी बाजूस सारली! तथापि त्याने ती कशी सारली, ते पाहण्यासारखे आहे. डोनाल्डचे वय कोणापासून लपवले नाही. त्याला थोरल्या मुलांच्या तुकडीत घातले नाही. निरोप्याचे हलके काम दिले. त्याच्या वयाला साजेशी जागा त्याच्यासाठी निर्माण केली.

पुढे चळवळ वाढली तेव्हा घरोघरच्या धाकट्या भावांनी हट्ट धरला. त्यांना थोरल्यांच्या तुकड्यांत घेऊन पाहिले, तेव्हा थोरल्यांची चाल त्यांना झेपेना आणि धाकट्यांमुळे थोरल्यांचा विरस होई. अट सैल करावी तर लहानांना धोका, घट्ट ठेवावी तर त्यांची निराशा, असा पेच पडला. बेडन-पॉवेल यांनी यातून तिसरा मार्ग काढला. १९१६ साली त्यांनी लहानांसाठी ‘वुल्फ कब’ ही स्वतंत्र शाखा सुरू केली. तिची कल्पना त्यांनी मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतली. लहानांना लहानांचे खेळ, त्यांचीच बिरुदे, त्यांचाच सरदार. आपल्या शाळांतून आजही दहा वर्षांखालील मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल अशी पथके असतात, ती याच परंपरेतली. मुलाला अटीत कोंबण्याऐवजी मुलाच्या मापाची जागा करणे, हा धडा या इतिहासातून मिळतो.

आपल्या महाराष्ट्रात हा वाद सर्वांत तीव्र झाला तो गोकुळाष्टमीच्या दहीहंडीवरून. सणाची सुटी, ढोलताशांचा गजर, वरून पाण्याचे फवारे. त्यात थरावर थर चढवीत गोविंदा वर जातात आणि सर्वांत वरच्या टोकाला एखादे चिमुकले मूल चढते. २०१२ साली जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने ठाण्यात नऊ थर लावून जागतिक विक्रमाची नोंद केली. जसजशी उंची वाढली, बक्षिसांच्या रकमा फुगल्या, तसतशी अपघातांची भीतीही वाढली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि हंडीची उंची वीस फुटांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी या आदेशाला स्थगिती दिली. परंतु २०१६ साली हीच मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. २०१७ साली प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी राज्य सरकारने दिली आणि उंचीवरील बंधन उठले. येथे चौदा हा आकडा घेतला तो बालकामगारांच्या कायद्यातून, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८८१ साली गिरणीच्या दारात उभी राहिलेली अट १३६ वर्षांनी हंडीच्या दोराखाली येऊन उभी राहिली!

सणाच्या खेळाला कामगारांचा कायदा कशाला, असे अनेकांना वाटले. त्याचे उत्तर थरांच्या रचनेतच आहे. खालच्या थरातील प्रत्येक माणसावर वरच्या सर्वांचा भार येतो. म्हणून टोकाला चढणारा जितका हलका, तितका मनोरा सुरक्षित आणि तितकी उंची अधिक. लहान मूल वर पाठवले जाते ते त्याला चढता येते एवढ्याचसाठी नव्हे. त्याचे वजन कमी असते म्हणून. तेथे त्याचे लहानपण थोरांच्या कामी येते. गिरणीतही लहान बोटे आणि लहान मजुरी यांचाच उपयोग होता. काम आणि खेळ यांच्यामधली रेषा नेमकी येथे पुसट होते.

युरोपात स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात असेच मानवी मनोरे रचण्याची दोन शतकांहून जुनी परंपरा आहे. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेथेही शिखरावर लहान मूलच चढते. २००६ साली एका बारा वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला, तेव्हा सारा प्रांत हळहळला. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांना शिरस्त्राण घालण्याची रीत रूढ झाली. त्यांनी परंपरा टाकली नाही; परंतु परंपरेच्या नावाखाली डोळेही मिटून घेतले नाहीत.

येथे विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. अट मोडूनही यश मिळवलेली मुले आहेतच ना? एव्हरेस्ट चढण्यासाठी नेपाळ सरकारने सोळा वर्षांची मर्यादा घातली आहे. २०१० साली अमेरिकेचा जॉर्डन रोमेरो आणि २०१४ साली तेलंगणातील आदिवासी कन्या मालावत पूर्णा, दोघेही तेरा वर्षांचे, तिबेटच्या बाजूने शिखरावर पोहोचले आणि सुखरूप परतले. पूर्णेचा पराक्रम लहान नव्हे. त्याचा अभिमान वाटावा असाच तो आहे. परंतु त्यामागे निवासी शाळेची साथ होती, अनुभवी गुरू होते, दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतील शिक्षण होते आणि अनेक महिन्यांची तयारी होती. हे सारे विसरून ‘ती तेरा वर्षांची चढली, मग आमचा का नको?’ असे म्हणणे म्हणजे शिखर पाहून पायवाट विसरणे होय. एकाचे यश हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही.

शिवाय अट मोडल्याची किंमत आता पालकांनाही चुकवावी लागते. सुटीत मोटारसायकलची किल्ली मुलाच्या हाती सहज दिली जाते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. कायद्याने हे तत्त्व स्पष्टच मान्य केले आहे की, मुलाच्या वयाचा राखणदार पालक आहे.

मग पालकांनी करावे काय? सगळ्याच अटी सारख्या नसतात. चित्रकलेच्या वर्गात साडेनऊ वर्षांचा मुलगा बसला तर आकाश कोसळत नाही. तेथे शिक्षकाला खरे वय सांगून मोकळेपणाने विचारावे, आणि तो म्हणेल ते मानावे. परंतु जेथे पाणी आहे, उंची आहे, वेग आहे, तेथील आकडा अनुभवाने आणि पुष्कळदा कोणाच्या तरी दुःखाने ठरलेला असतो. तेथे तडजोड करू नये. आणि खोटे वय तर कोठेच लिहू नये. कारण शिबिरातील गुरू अर्जातील वयावर विसंबून दोर बांधतो, खोली मोजतो, सोबती निवडतो. वय चुकले म्हणजे त्याचा सारा हिशेब चुकतो. त्याहून वाईट म्हणजे वडील अर्जात आकडा बदलत असताना मूल शेजारी उभे राहून पाहत असते. सुटीतला तो पहिला धडा ते आयुष्यभर विसरत नाही.

ज्याला यंदा थांबावे लागले, त्याला रडत बसवू नये. देवपुरातील चार घरांनी मिळून धाकट्यांसाठी सकाळच्या थंड वेळी काही खेळ, काही गोष्टी, पांझरेच्या काठाने एखादी फेरी ठरवली तर त्याला खर्च येत नाही. बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली जे केले, ते एका गल्लीतही करता येते. मूल वर्षभरात मोठे होणारच आहे. ते वर्ष त्याच्यापासून हिरावून घेण्याची घाई थोरांनी करू नये.